कोळीवाड्यातला जगाचा कायदा

परवा कोळीवाड्याच्या समाजमंदिरात मी आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल बोलायला गेले होते. कॉलेजात हा विषय शिकवताना मुलं घड्याळाकडे बघतात. इथे तर समोर जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका होत्या. मनात धाकधूक होती.

मी म्हटलं, "समुद्रात कुणी बुडत असेल, तर जवळच्या जहाजानं त्याला वाचवायचं. तो कुठल्या देशाचा, हे बघायचं नाही. जगातल्या देशांनी मिळून तसं ठरवलंय."

पुढे बसलेल्या पारूमावशींचे हात थांबले. "बाई, हे लिहून ठेवावं लागलं?"

"लागलं, मावशी."

"आमच्या ह्यांनी वादळात दोन परके खलाशी होडीत घेतले होते. त्यांची भाषा कळेना, पण कालवण-भात पोटभर जेवले. जाताना एक जण माझ्या पाया पडला." त्या खुदकन हसल्या. "म्हणजे आम्ही कायद्यानं वागलो म्हणा की!"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. इतकी वर्षं मी हा कायदा दूरच्या परिषदांमधला म्हणून शिकवत होते. तो अशाच कुणाच्या होडीत, कुणाच्या चुलीपाशी आधी जन्मला असणार.

एवढ्यात मागून एका तरुण सुनेनं विचारलं, "आणि आपली माणसं चुकून दुसऱ्या देशाच्या हद्दीत गेली आणि पकडली गेली, तर? त्यांच्यासाठीही नियम आहेत?"

"आहेत," मी म्हटलं.

पारूमावशींनी मांडीवरचं जाळं बाजूला ठेवलं आणि पदर खोचून त्या पुढे सरकल्या.

"मग बाई, सगळं पहिल्यापासून सांगा. आम्हाला घाई नाही."