उलटी छापलेली कविता

आत्याचा राग कायम नाकावर. त्या दिवशी तो हातांत उतरला. मी वाचून दाखवत असलेलं साप्ताहिक तिने हिसकावलं आणि टरकन फाडलं.

आत्या शिवणकाम करायची. तीस वर्षं एकाच खिडकीशी मशीन चालवलं. मग नजर जायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, लांबचं आधी जाईल. तसंच झालं. पानगळीत समोरचा डोंगर पुसला गेला. पालवी फुटली तेव्हा कुंपणाजवळचं झाड दिसेना. भर उन्हाळ्यात खिडकीतली कुंडी गेली आणि शेवटी सुई धरलेलं स्वतःचं बोट. आत्या रडली नाही. मला समोर बसवून तिने कविता सांगितली. आधी डोंगर, मग झाड, मग कुंडीतली कळी, मग बोटावर टेकलेला थेंब. डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. मी ती लिहून त्या साप्ताहिकाला पाठवली.

छापून आली ती अशी: थेंब आधी, डोंगर शेवटी. ऋतूही उलटे.

"चल, मला त्यांच्या कचेरीत ने," आत्या म्हणाली. जिने चढताना तिची बोटं माझ्या दंडात रुतत होती.

संपादक हसतमुख होते. "बाई, थेंबापासून डोंगरापर्यंत गेलं की नजर विस्तारते. कविता मोठी होते. शब्द एकही बदलला नाही हो, फक्त क्रम."

"फक्त? पँटची कंबर पावलांपाशी जोडून दिली तर घालाल? कापड तेच, टाके तेच!"

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. संपादकांचा चेहरा पडला. मला राहवेना. "तिला दिसत नाही हो," मी म्हणाले. "ज्या क्रमाने दिसेनासं झालं, त्याच क्रमाने लिहिलंय तिने."

"अरेरे! मग पुन्हा छापू. वर दोन ओळी टाकतो, अंध कवयित्रीची..."

आत्याने टेबलावर हात आपटला. चहा कागदांवर सांडला. "कीव छापून घ्यायला आले नाही मी! वाचणाऱ्याने डोंगरापासून माझ्याबरोबर खिडकीपर्यंत यावं. कळलं तर कळलं."

बाहेर आल्यावर बोलणी खायची माझी पाळी. "तुला कोणी तोंड उघडायला सांगितलं होतं?"

पुढच्या अंकात कविता सरळ छापली, वरच्या दोन ओळींशिवाय. माफीचा शब्दही नव्हता. मी वाचून दाखवली. मला वाटलं, आता शांत होईल.

"आधीचा अंक किती घरांत गेला असेल गं?"

"तो येतो त्या सगळ्याच घरांत."

"म्हणजे सगळ्यांना वाटणार, बाईला एकेक करून दिसायला लागलं. थेंब दिसला, झाड दिसलं, डोंगर दिसला." तिचा आवाज चिरकला. "मी बरी होत नाहीये! खोटं छापलं मेल्यांनी."

तिसऱ्या दिवशी तिने वही आणायला सांगितली. नवी कविता नुसत्या आवाजांची होती. प्रत्येक ओळीला तिने मला आकडा घालायला लावला, तोही ठळक, शाईने.