गयामामीची गाठ

टण्.

थाळीत खडा पडावा तसा आवाज. भिंतीतला पाइप तापायला लागला की असाच वाजतो. प्रणिता डोळे उघडत नाही. कुशीत चार वर्षांची मैना अंगठा चोखत निजली आहे आणि बाहेर परदेशातली दुपार आहे, राखेच्या रंगाची. खोलीची खिडकी चार बोटं उघडते, त्यापुढं नाही. इथं आश्रयाला आलेल्या माणसांच्या सगळ्याच खोल्यांच्या खिडक्या तशा आहेत. कुणी उडी मारू नये म्हणून.

तीन वाजता आश्रयाच्या अर्जाची दुसरी सुनावणी आहे. दुसरी घ्यावी लागतेय, कारण पहिलीत प्रणितानं घोळ घातला. दुभाषी बाईनं हिंदीत विचारलं, "घरचे कसे आहेत?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "बरे आहेत." आपल्याकडं कुणीही विचारलं की हेच म्हणायचं असतं. दारात मयत असली तरी माणूस आधी 'बरं आहे' म्हणतो आणि मग रडतो. हिला मग रडताही आलं नाही, बोलताही आलं नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबानं लिहून घेतलं: घरचे बरे आहेत. घरचे बरे असतील तर परत जायला काय हरकत आहे? आज खरं सांगितलं नाही, तर तिला, नवऱ्याला आणि मैनाला, तिघांनाही परत पाठवतील.

टण्.

आता ती कॅम्पातल्या कपडे धुण्याच्या खोलीत बसली आहे. दर बुधवारी बायका इथंच गोल करून बसतात. नसरीनबाई मधे बसून शिकवते. ती स्वतः एकेकाळी अशीच पळून आलेली. श्वास अडकला की पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, डोळ्यांना दिसतील अशा पाच वस्तू मोजायच्या, मुठीत काहीतरी धरायचं. मशीन घुमतायत, पण आवाज नाही. नसरीनबाईच्या खुर्चीत मांडीवर सूप घेऊन गयामामी बसली आहे. प्रणिताची सासू. मामीच म्हणायची ती सासूला.

"निजलीस व्हय गं? दिवसाढवळ्या?"

"मामी, तुम्ही तर..."

"मेलेय. ठावं हाय मला, सांगाय नको. सरक, तांदूळ निवडू लाग."

प्रणिता सरकते. सुपातला तांदूळ कोमट आहे, नुकताच उन्हातून आणल्यासारखा.

"हितं मोजाय शिकवतेत म्हनं तुला?"

"हो. पाच वस्तू. जीव घाबरला की."

"आमच्या येळी घाबरल्याली बाई दिसली की पुढ्यात सूप सरकवायचे. मोज बरं."

प्रणिता मोजते. सूप. मामीच्या हातातली काचेची बांगडी. मशीन. दार. दाराला आतून कडी नाही. "चारच होतात मामी. पाचवी दिसत नाही."

"मी न्हाई व्हय दिसत? का मला वस्तूत धरना झालीस?"

प्रणिताला हसू येतं आणि ते अर्ध्यातच थांबतं, कारण मशीनच्या गोल काचेत मामीचं घर दिसायला लागलंय. वस्तीतलं, निळ्या दाराचं. दारावर थापा पडतायत. मिलिंदशी जातीबाहेर लग्न करून ती गाव सोडून निघाली त्या दिवसाची सकाळ. मामी चौकटीत दोन्ही हात पसरून उभी. समोर प्रणिताचा थोरला भाऊ, दिगंबर; जत्रेत तिला खांद्यावर बसवून पाळणा दाखवणारा दिगूदादा. हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"आत कुनी न्हाई," काचेतली मामी म्हणते.

आत खरंच कुणी नव्हतं. ती दोघं तोवर एस.टी.त बसली होती.

काच घुमते. आता ते दार सुनावणीच्या खोलीचं आहे आणि प्रणिताच्या तोंडात न शिजलेला तांदूळ भरलाय. साहेब, दुभाषी बाई, टेबलावर पाण्याचा पेला. घरचे कसे आहेत? ती गिळते. पुन्हा तोंड भरतं. घरचे कसे आहेत? तिचा आवाज तिच्याआधीच बोलून मोकळा होतो, "बरे आहेत."

"बरी हाय व्हय मी?" मामी टेबलाखालून विचारते. ती तिथं मांडी घालून निवडतेच आहे. कपाळावरचा पदर सरकलाय. दांड्याच्या घावावरचे टाके दिसतायत.

प्रणिताही टेबलाखाली उतरते. तिथं जागा पुरत नाही. दोघींचे गुडघे गुडघ्यांना लागतात.

"मामी, त्याचं नाव कसं घेऊ? दर भाऊबीजेला ओवाळलंय मी त्याला. एकदा लिहिलं की झालंच. माझं माहेर संपलं."

मामी तांदूळ निवडत राहते. एक खडा सापडतो, बोटांच्या चिमटीत उजेडाकडं धरून बघते.

"नगं घिऊस," ती म्हणते. "तुझा भाऊ हाय. पर मला बरी म्हनू नको, बाई."

मग ती प्रणिताच्या ओढणीचं टोक ओढते. जे काम करायचं राहिलं त्याची मामी पदराला गाठ मारायची. काम झालं की सोडायची. शेवटी दवाखान्यात नेली तेव्हाही पदराला एक गाठ होती, मिलिंदच्या चुलतीनं फोनवर सांगितलं होतं. कशाची, ते कुणालाच कळलं नाही.

"मामी, ती गाठ कशाची होती?"

टण्.

खोली. राखेच्या रंगाची दुपार. मैना उठून बसली आहे. दारात मिलिंद उभा आहे, कॅम्पाच्या स्वयंपाकघरातून तसाच आलेला, बाह्या ओल्या. "पणू, गाडी आली खाली," तो हळूच म्हणतो. "जमेल ना?"

ती पाय खाली सोडते. फरशी थंड आहे. मूठ आवळायला ओढणीचं टोक हातात घेते आणि थबकते.

टोकाला गाठ आहे. दोन वेढे, शेवट आत खोचलेला, मामीच्या हातची असायची तशी. प्रणिताला ती कधीच जमली नाही. मिलिंदलाही नाही. चाचपलं तर आत काहीतरी टणक लागतं, तांदळाएवढं.

मिलिंद बघतो. दाराच्या चौकटीवर हात ठेवून नुसता उभा राहतो.

"मी सांगते आज," प्रणिता म्हणते. "दादाचं नाव सांगते."

मैना गुडघ्यांवर सरकत येते, गाठीवर बोट ठेवते. आजीच्या गाठींची गोष्ट तिला पाठ आहे. रोज निजताना तीच लागते.

"काम झालं की सोडायची ना ही?"

"हो."

"मग आपण घरी जायचं?"