माझी नक्कल कुणी करत नाही

गावात ज्याची नक्कल होते तो मोठा. नक्कल करणारा नव्हे. हे मला फार लवकर कळलं, आणि आजतागायत पटलेलं नाही.

आमच्या पेठेतल्या मंडळाचा गणपतीत सजीव देखावा असायचा. नाटक आधी कॅसेटवर भरून घ्यायचं आणि मग कलाकारांनी स्टेजवर उभं राहून नुसते ओठ हलवायचे, अशी आमच्याकडची पद्धत. नव्वदनंतरच्या एका वर्षी आम्ही पुढाऱ्यांवर विनोदी देखावा केला. त्यातले चारही पुढारी, एक हवालदार आणि एक म्हातारी, सगळ्यांचे आवाज माझे. मुख्य पुढाऱ्याचे ओठ हलवायला होता माझा मित्र. गल्ली तुडुंब भरायची. शेवटी उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं ते त्याला. आवाजासाठी बक्षीसच नव्हतं. तो स्टेजवरून मला हाताने बोलवत होता, 'वर ये की' म्हणून. मी गेलो नाही. उष्टं ताट मला आवडत नाही.

मित्र हुपरीचा. घरी पैंजण बनवायचं काम, दोन खोल्यांत चांदीची भट्टी. कॉलेजसाठी एसटीने कोल्हापुरात आला आणि आमच्या गल्लीत आत्याकडे राहिला. उंच, गोरा, बोलायला सावकाश. मी काळा, बुटका, आणि बोलायला लागलो की थांबत नाही. आमची मैत्री झाली ती विचारांमुळे. दोघंही एकाच बाजूच्या सभांना जायचो, एकाच घोषणा द्यायचो.

मग घरोघरी केबल आली आणि एका केबलवाल्याने स्वतःचं चॅनल काढलं. एका दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. निळा पडदा, दोन ट्यूबलाइट, एक कॅमेरा, आणि मंडपवाल्याकडून आणलेल्या लाल गादीच्या खुर्च्या. 'पुढाऱ्यांची जरा मज्जा करा की, लोक बघतील,' तो म्हणाला. दर गुरुवारी संध्याकाळी आमचा कार्यक्रम सुरू झाला. पहिला भाग माझा. टोपी, उपरणं, चष्मा बदलत मी आठवड्याच्या राजकारणाची चंपी करायचो. दुसरा भाग त्याचा. एखादा पुढारी समोर बसवून मुलाखत.

लोक माझ्या भागाला हसायचे. पण बोलायचे त्याच्या भागाबद्दल.

त्याचं काय होतं, तर एक रीत होती. पाहुणा आमच्या विरोधातला असला की तो आधी म्हणायचा, "तुमचं म्हणणं मी सांगतो, बरोबर सांगितलं का बघा." आणि त्या माणसाचं म्हणणं इतकं नीट मांडायचा की तो स्वतः ऐकत राहायचा. पाहुणा "व्हय" म्हणाला की मगच पहिला प्रश्न. "न्हाय, तसं न्हाय" म्हणाला तर पुन्हा सुरुवात. ही रीतही त्याची स्वतःची नाही. हुपरीला त्यांच्या कारखान्यात दोन कारागीर भांडले की त्याचा आजा एकाला दुसऱ्याची तक्रार सांगायला लावायचा. समोरचा "व्हय" म्हणेपर्यंत आपलं गाऱ्हाणं मांडायचं नाही. म्हणजे आजाची उचललेली युक्ती, आणि नाव नातवाचं.

मी एकदा चिडून म्हणालो, "लेका, तू आपला हाईस का त्यांचा वकील हाईस? त्यांच्यापेक्षा चांगलं तूच सांगतोस."

"कुस्ती धरायची तर चांगल्या पैलवानाशी धरूया की," तो म्हणाला. "लिंबूटिंबूला चीत केल्यावर कोण फेटा बांधतंय?"

हे वाक्यसुद्धा मला आधी सुचायला हवं होतं.

वर्षभरात गावात त्याची नक्कल सुरू झाली. शाळेची पोरं एकमेकांना "बरोबर सांगितलं का बघा" म्हणायची. कोपऱ्यावरचा मिसळवाला गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुमचं म्हणणं, दोन मिसळ, कट जादा, कांदा येगळा. बरोबर सांगितलं का बघा." गिऱ्हाईक "व्हय" म्हणायचं आणि सगळं हॉटेल हसायचं. शेजारी मी बसलेला असायचो, अख्ख्या जिल्ह्याचे आवाज काढणारा. मला तो मिसळवाला म्हणायचा, "तुमी त्येंच्या कार्यक्रमात असताय न्हवं?" माझ्या मिसळीचा कट तिथंच गार व्हायचा. विरोधी पक्षाची माणसंसुद्धा त्याला घरच्या लग्नाला बोलवायची, आणि आमच्या पक्षाची माणसं, जी इतर वेळी आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं याच न्यायाने चालायची, तीही याच्या न्यायी स्वभावाचं कौतुक करत फिरायची. मला कधी झोप लागायची नाही अशातला भाग नाही. पण लागेपर्यंत कूस बदलावी लागायची.

माझं सगळ्यात गाजलेलं सोंग एका म्हाताऱ्या नगरसेवकाचं होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आमच्या विचारांचे कट्टर विरोधक. देव, देऊळ, परंपरा, याशिवाय दुसरा विषय नाही. त्यांच्या वॉर्डात, म्हणजे आमच्याच वॉर्डात, एक मोकळी जागा होती. आम्हाला तिथं पोरांसाठी अभ्यासिका हवी होती. अण्णांना देवळाचा सभामंडप. "आता मला सांगा" म्हणून धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायची त्यांची लकब मी चार वर्षं वापरली. ती नीट जमावी म्हणून त्यांच्या एकूण एक कोपरा सभांना मी हजर असायचो. त्यांचे कार्यकर्ते कंटाळून घरी जात, मी शेवटपर्यंत उभा.

अण्णांना आम्ही किती वेळा बोलावलं, ते येत नव्हते. मग एके दिवशी त्यांचा निरोप आला: येतो, पण मुलाखतीला त्या नकल्याला बसवा.

मला वाटलं, आता मित्राचं तोंड उतरणार. मी त्या क्षणाची वाट बघत होतो. तो म्हणाला, "जा की भावा. तुझाच माणूस हाय त्यो." आणि खुशाल हसला. जरा तरी रुसला असता, तर मला किती बरं वाटलं असतं. वर विचारतो, "बसूया का जरा तयारीला?" मी नको म्हणालो. त्या गुरुवारी तो घरच्यांबरोबर नृसिंहवाडीला गेला होता. स्टुडिओत नव्हता, कोल्हापुरातच नव्हता.

मला अण्णांना लोळवायचं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त मित्राला हरवायचं होतं, आणि तेही त्याच्याच डावावर. म्हणून अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या मी म्हणालो, "अण्णा, तुमचं म्हणणं मी सांगतो." आणि सांगायला लागलो. चार वर्षांच्या कोपरा सभा माझ्या पोटात होत्या. आवाज त्यांचा काढायचा नाही असं ठरवलं होतं, तरी जिभेला सवय, तो थोडा लागलाच. "आता मला सांगा, अभ्यासिकेत कोण येणार? हुशार पोरं येणार. हुशार नसलेल्यांनी कुठं बसायचं? देवळाच्या मंडपात मार्क विचारत न्हाईत. नापास झालेला बसतो, नवऱ्यानं टाकलेली बसते, सून जेवायला घालत न्हाय ती म्हातारी बसते. गावात फुकट बसायला एक सावली असावी, एवढंच माझं म्हणणं हाय."

हे अण्णा एकदाच बोलले होते, एका सभेत, जेव्हा समोर माझ्याशिवाय जेमतेम पाच-सहा माणसं उरली होती. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"व्हय," ते म्हणाले.

मग मी माझा प्रश्न विचारला. लिहून आणलेले टोमणे होते, ते बाजूला राहिले. मी विचारलं, "अण्णा, तुमच्या त्या सावलीत माझ्या आज्याला बसू दिलंवतं का?"

आमचे आजोबा छप्पन्न सालानंतर लगेच बौद्ध झालेले. त्याच्या आधी ते त्या देवळाच्या पायरीपर्यंतसुद्धा जात नव्हते, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनाही.

अण्णा म्हणाले, "न्हाय." मग म्हणाले, "माझ्या बानंच अडीवलं असंल. त्येला तवा ते बरोबर वाटत हुतं. आता मंडप बांधला तर कुणाला अडीवणार न्हाय, हे मी सांगतो. पण तुझा आज्या आता न्हाय, ते बी खरं हाय." विरोधकाला तोंडावर विचारावं आणि त्याने खरं उत्तर द्यावं, असं आमच्या कार्यक्रमात आधी कधी घडलं नव्हतं. हे मला जागच्या जागी कळलं, आणि मी मनात म्हणालो, आता बघू कोण कुणाची नक्कल करतंय.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मिसळवाल्याकडे गेलो. तो धावत आला. "काय ओ मुलाखत! दोस्तानं चांगलं तयार केलंय की तुमास्नी."

मला वाटलं, एक मिसळवाला मूर्ख असू शकतो. पण पेठेत पाच जणांनी तेच सांगितलं. "त्येचं वळण लागलं तुला." केबलवाला म्हणाला, "त्यो वाडीला बसून तुला समदं सांगत हुता काय रं?" त्या काळी खिशात फोन फार थोड्यांच्या असायचे, आणि आमच्या दोघांच्याही नव्हते. घरी आलो तर आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लई चांगलं विचारलंस. डोळ्यात पाणी आलं माझ्या. त्या पोराच्या संगतीनं सुधारलास बघ." तिचा सासरा तो. त्याच्यासाठी प्रश्न विचारला मी. आणि सुधारणा हुपरीच्या नावावर.

मित्र वाडीहून बासुंदी घेऊन आला. त्याला कळलं तेव्हा तो खरोखर अस्वस्थ झाला. भेटेल त्याला सांगायला लागला, "मी न्हवतोच ओ. समदं ह्येनंच केलंय. मला तर हे सुचलंच नसतं." लोक ऐकायचे आणि एकमेकांकडे बघून मान डोलवायचे: बघा, किती मोठ्या मनाचा आहे. तो जितकं नाकारेल तितका त्याचा भाव वाढायचा. अखेर मीच त्याला हात जोडले. "गप बस भावा. तू खरं बोललास की माझंच नुकसान हुतंय."

बासुंदी मी खाल्ली. ती चांगली होती, हाही एक राग.

पुढे महापालिकेच्या निवडणुका आल्या. अण्णा पुन्हा उभे. संध्याकाळी आमच्याच चौकात त्यांची कोपरा सभा होती. आता सोंगासाठी नवीन काही नको होतं, तरी पाय गेलेच. या वेळी गर्दी चांगली होती. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो.

अण्णा बोलता बोलता थांबले. म्हणाले, "आपल्या वॉर्डात एक पोरगं हाय. त्येचं म्हणणं आधी सांगतो." आणि त्यांनी खांदे आत ओढले, मान पुढं काढली, नाकावर पालथी मूठ घासली आणि झरझर बोलायला लागले, "तसं न्हवं ओ, तसं न्हवं ओ, माझं ऐका की आधी."

चौक खदखदून हसला. एकालाही सांगावं लागलं नाही की हा कोण. मी असा बोलतो? मी नाक असं घासतो? बघितलं तर माझी मूठ नाकापाशीच होती.

हसणं थांबायच्या आत अण्णांनी माझ्याच आवाजात पुढचं सांगितलं. "तसं न्हवं ओ. तुमची सावली चांगली हाय. पण ती कुणाची हाय, ते आधी ठरलेलं असतंय. माझ्या आज्याला बसू दिलं न्हाय. उद्या तुमचं मन फिरलं तर मला बी उठीवशीला. अभ्यासिकेचं दार महापालिकेचं असतंय, तिथं मी हक्कानं बसीन, तुमच्या दयेनं न्हाय." आता कुणी हसत नव्हतं. हे इतकं सरळ मी कुठंच बोललो नव्हतो, मुलाखतीतही नाही. माझ्या मनात होतं, आणि ते त्यांनी तिथून काढलं होतं.

अण्णांनी गर्दीवरून नजर फिरवली. गाड्यामागे मी त्यांना दिसलो की नाही, सांगता येत नाही. "बरोबर सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. रसवाल्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

मग ते स्वतःच्या आवाजात आले, सोग्याने चष्मा पुसला, आणि माझ्या म्हणण्याला अर्धा तास उत्तर देत राहिले. त्यातलं निम्मं मला आजही पटत नाही. टाळ्या खूप पडल्या, पण सगळ्यात जास्त पडल्या होत्या त्या नकलेला. चार वर्षं मी त्यांची नक्कल केली, माझ्या वाट्याला एवढ्या टाळ्या कधी आल्या नाहीत.

घरी जाताना मी रस्ताभर "तसं न्हवं ओ" म्हणून बघितलं. नाकावर मूठ घासून बघितलं, खांदे आत ओढून बघितले. म्हाताऱ्यासारखं काही जमेना.