आजीच्या ग्लासातला बर्फ

माझे दोन्ही मामा एकाच साच्यातून काढलेले. तेच नाक, तोच आवाज, आणि राग आला की दोघेही आधी चष्मा पुसतात. फरक एवढाच, की थोरला मामा बसला की खुर्ची कुरकुरते. धाकटा शाळेत रसायन शिकवायचा आणि समस्थानिकं शिकवताना भावाला खुशाल वेठीला धरायचा. "मी साधा हायड्रोजन, दादा जड हायड्रोजन. कोणाशी जमतं, कोणाशी बिनसतं, सगळं सारखं. त्याच्या पोटात एक न्यूट्रॉन जास्त आहे, बस."

न्यूट्रॉन म्हणजे काय, असं कोणी विचारलं की माझे वडील कामी यायचे. "आमचे भाऊजी येतात आणि सोफ्यावर बसतात. कोणाची बाजू घेत नाहीत, भांडणात पडत नाहीत. घराचं वजन तेवढं वाढतं." वडिलांच्या कानावर हे गेलं तेव्हाही ते काहीच बोलले नाहीत, त्यामुळे उदाहरण आणखी पक्कं झालं.

आजीला मात्र धाकट्याची नोकरी कधी पटलीच नाही. थोरला शिंपी. "त्याने शिवलेली पँट निदान दिसते तरी," ती म्हणायची. "तू न दिसणाऱ्या कणांच्या गोष्टी सांगतोस आणि वर पगार घेतोस." त्यात एकदा जेवताना धाकटा मामा सांगून बसला, की आज वर्गात बर्फ बुडवला. जड हायड्रोजनचं पाणी गोठवलं आणि साध्या पाण्यात सोडलं, की ते तळाला जातं.

आजीने हातातला घास खाली ठेवला. "बर्फ बुडत नसतो. शिक्षकाने मुलांना थापा मारू नयेत."

तेव्हापासून आमच्या घरात कोणी फेकायला लागलं, की "बुडाला का बर्फ?" असं विचारतात. मामा हसण्यावारी न्यायचा, पण चष्मा पुसायचा. घरी एकदा करून दाखवायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण जड पाण्याची बाटली शाळेची होती आणि चांगलीच महाग. ते एकदा साध्या पाण्यात मिसळलं की वेगळं काढायची सोय शाळेत नव्हती. घरच्या हौशीसाठी त्यातला थेंबही वापरायचा नाही, हा त्याचा बाणा. माझ्या मते हा शुद्ध हट्ट होता, आणि तो त्याने आजीकडूनच घेतला होता.

निवृत्तीच्या दिवशी शेवटचा तास समस्थानिकांचाच ठेवला होता. बाटलीत तळाशी जेमतेम एका तुकड्यापुरतं पाणी उरलेलं. शाळेचा फ्रीज बंद पडला म्हणून मामाने ते घरी आणून वाटीत गोठवलं. "त्या वाटीला कोणी हात लावायचा नाही," असं त्याने मामीला बजावलं, मला बजावलं. आम्ही सगळे तासाला जाणार होतो. आजी सोडून. "त्याची बडबड मी घरी फुकट ऐकते," ती म्हणाली होती.

दुपारी मामा आंघोळीला गेला आणि थोरला मामा घामाघूम होऊन आला. त्याला बजावायचं राहून गेलं होतं. आल्या आल्या त्याने फ्रीज उघडला, सगळ्यांना सरबत केलं, त्यात ट्रेमधला बर्फ संपवला. आजीला साखर चालत नाही, म्हणून तिच्यासाठी नुसतं पाणी. त्यात वाटीतला बर्फ.

मामा केस पुसत बाहेर आला तेव्हा आजी ग्लास उजेडात धरून बघत होती.

"या ग्लासात काहीतरी बिघाड आहे," ती म्हणाली. "बर्फ खाली बसलाय."

मामाचा टॉवेल खांद्यावरून घसरला. "दादा, वाटीतला बर्फ?"

"बर्फ म्हणजे बर्फ. त्यात काय वाटीतला आणि ट्रेमधला?" थोरला म्हणाला.

मामा ग्लासाकडे झेपावला. तुकडा अजून बराच शिल्लक होता, डब्यात घालून पळत नेला असता तर तास साजरा झाला असता. आजीने त्याच्या हातावर चमचा मारला. "थांब." तिने थोरल्याच्या सरबतातला एक खडा उचलून आपल्या पाण्यात टाकला. तो तरंगला. दुसरा तळाशी पडून होता. तिने तो चमच्याने वर काढला, सोडला. परत तळाशी.

"दिसायला अगदी सारखे," ती पुटपुटली. "तुम्हा दोघांसारखे. परत बघू दे."

मामाने घड्याळाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. बर्फ विरघळेपर्यंत ती तेच करत राहिली. मला त्या क्षणी मामा फार आवडला. मग आजी ते पाणी गटागटा प्यायली आणि म्हणाली, "माझी चांगली चप्पल काढा."

"एवढ्याशाने काही होत नाही," मामा घाबरलेल्या मामीला सांगत होता. "आणि दादाने सरबतात टाकला असता ना, तर साखरेमुळे तरंगला असता. कोणाला कळलंही नसतं."

वर्गात त्याने खरं तेच सांगितलं. या वर्षी बर्फ नाही. मुलं हिरमुसली. एक मुलगी म्हणाली, "सर, मग बुडतो हे कशावरून?"

पहिल्या बाकावरून आजी उठली.

"बुडतो. मी बघितलाय. हा माणूस खोटं बोलत नाही. मीच इतकी वर्षं त्याला खोटं पाडत होते."

मामा चष्मा पुसायला लागला. शेजारी थोरलाही.

"पण आजी," ती मुलगी म्हणाली, "पुरावा कुठे आहे?"

आजीने पोटावर हात ठेवला. "प्यायले."