वैशूला न दिलेला कागद

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, तर मधेच "जाऊ द्या, होतं असं" म्हणू नका — त्या वाक्याचाच मला संताप येतो.

वैशाली माझी धाकटी नणंद. बी.एस्सी. करायला गावाहून हिंगोलीला आमच्याकडे राहायला आली. चेहरा मुरमांनी भरलेला — नुसत्या पुटकुळ्या नाहीत, गालावर गाठी, पिकलेल्या, ठणकणाऱ्या. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. तिला बघायला आलेल्या एका बाईनं तिच्यासमोरच विचारलं, "हे जात्यात का असेच राहत्यात?" जणू भिंतीला ओल आली होती! आणि आम्ही काय केलं? हसलो. मीसुद्धा.

मग मीच तिला नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. कॅप्सूलनं चेहरा साफ होईल, पण ओठ फाटतील, डोळे कोरडे पडतील, एखादीचं मन खचतं, रक्त तपासत राहावं लागेल — सगळं सांगितलं. फायदा किती, तकलीफ किती, तुम्हीच तोलून ठरवा म्हणाल्या. वैशूनं तिथल्या तिथं हो म्हटलं.

ती रक्त द्यायला बाहेर गेली, तेव्हा बाईंनी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. गोळ्या चालू असताना, आणि बंद केल्यावरही महिनाभर, दिवस राहता कामा नयेत. गर्भाला धोका असतो, तो पडूही शकतो. "आज ती लाजेल. घरी नीट वाचायला द्या. लग्न ठरलं तर आधी मला कळवा."

मी कागद पर्समध्ये ठेवला. लग्न न झालेल्या पोरीला हे कशाला — असं तेव्हा मनाशी म्हटलं. पण तेवढंच असतं तर मी आज बोलले असते का? पुढच्या खेपांना रिपोर्ट घेऊन मी एकटीच जायची. बाईंनी विचारलं, तिला सांगितलंत ना? मी म्हटलं, हो. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात. रोज जेवण झालं की एक गोळी काढून मीच तिच्या हातावर ठेवायची. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे हो! दिवसभर लोकांचे कागद वाचते, एक सही राहिली तरी परत पाठवते.

चार-पाच महिन्यांत चेहरा निवळला. कळमनुरीकडचं स्थळ आलं, पसंती झाली, तीन आठवड्यांवरची तारीख निघाली. वैशू स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, आता बंद करू का गोळ्या? व्हट फाटून रक्त येऊन राहिलं."

कागदाची मला आठवण होती. शब्दन् शब्द. तरी मी म्हटलं, "हळद लागेपर्यंत घे. आन् सासरी गोळ्यांचं बोलू नको."

काहून? चेहरा पुन्हा फुटला तर लग्न मोडेल ही भीती होती, खरी. पण तिच्याखाली दुसरं होतं — आणि तेच मी कुठं बोलत नाही. घर दोन खोल्यांचं. तीन वर्षं मी माझ्याच घरात दार लावून बसले नव्हते. मला ती जायला हवी होती. लवकर. गोळ्या बंद करून महिनाभर थांबायचं म्हणून तारीख पुढं ढकलली असती, तर मुहूर्त हुकून अजून काही महिने ती आमच्यात राहिली असती. म्हणून मी तोलून पाहिलं — अंग तिचं, आणि सोय माझी.

ठरल्या तारखेला लग्न झालं. पहिल्याच महिन्यात तिला दिवस राहिले. तिसऱ्यात पोट पडलं.

गोळ्यांमुळेच पडलं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यानं माझं काय सुटतं? तिच्या सासूचा मला फोन आला — पोरीनं काय खाल्लं होतं, काही माहीत हाय का? वैशू तिकडं एवढ्या दुःखात होती, आणि मी माझी सुटका शोधत होते. मी म्हटलं, "पपई खाल्ली असंल. तिला लई आवडती."

झालं! सासरचं एवढं घर, शिकली-सवरली माणसं — एकानंही विचारलं नाही की पोरीला काही औषध चालू होतं का. बाईनंच काही खाल्लं असणार, हे सगळ्यांना लगेच पटलं. चीड येते मला त्यांची. पण पटेल असं खोटं त्यांच्या हातात दिलं कोणी? वैशूनं गोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला गप्प राहायला मीच शिकवलं होतं.

आता तिला मुलगी आहे, दोन वर्षांची. मागच्या महिन्यात आम्ही तिच्या सासरी जेवायला गेलो होतो. पोरगी अंगणात पळत होती. सासू कौतुकानं बघत म्हणाली, "पहिलं बी राहिलं असतं. पर हिच्या जिभेनं घात केला."

वैशूनं मान खाली घातली. म्हणाली, "व्हय, माझंच चुकलं."

मी तिच्या शेजारीच बसले होते. भाकरीचा तुकडा मोडला, आणि खाल्ला.