बाबांनी टाकलेलं जाड तेल

दोस्तहो, बंद गाडीजवळ बसून लिहितो आहे.

आज सकाळी अकोल्याहून बहिणीला, प्रज्ञाला, भरतीच्या पेपरसाठी अमरावतीला नेत होतो. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. बडनेऱ्याच्या अलीकडे गाडीचा जीवच गेला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढेना, मागे निळा धूर. मिळेल त्या ऑटोने पोचलो, तर परीक्षा केंद्राचं गेट बंद. प्रज्ञा गेट धरून रडली.

तिला मावशीकडे सोडून गाडीकडे आलो. मेकॅनिक म्हणाला, "इंजिनात हे जाड तेल कोनं टाकलं? एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे भाऊ, याले पातळच तेल लागते. जाड तेल वेळेवर पोचलं नाई, इंजिनाले जोर देनारा टर्बोच गेला."

बाबांनी टाकलं होतं. जन्मभर जाड तेलाची डिझेल जीप चालवलेला माणूस. "उन्हाळा हाये, पोरीचा पेपर हाये, गाडी तापाले नको," म्हणत गेल्या महिन्यात अंगणात स्वतः बसून बदललं.

गाडी बंद पडून पेपर हुकला, एवढंच त्यांना कळवलं होतं; आत्ता त्यांचा फोन आला. "पोरीले म्हन रडू नको. मी जाड तेल टाकलं म्हून इंजिन तरी वाचलं असन, नाई?"

मी नुसतं "हो बाबा" म्हणालो. प्रज्ञाला यातलं काहीच माहीत नाही. आता घरी जाऊन कोणाला काय सांगू?