सिरीनोमामांचं टेबल

सिरीनोमामा सरळ कधी बोललेच नाहीत. साधी जांभई दिली तरी त्यातून भांडण काढतील असा माणूस. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर हेझलनटच्या बागेत त्यांचं काळ्या दगडाचं घर होतं. बायको गेल्यापासून तिथं ते एकटेच. त्यांची भाची व्हेनेरा डोंगरावर वाटाड्याचं काम करायची आणि येता-जाता त्यांची बोलणी खायची. "आलीस? जा, शहरातल्या बावळटांना दगड दाखव," असं म्हणायचे आणि तिच्या पिशवीत गुपचूप चीज कोंबायचे.

त्या वसंतात डोंगराची कूस फाटली आणि लाव्हा बागेकडे निघाला. तिकडं डोंगराला कुणी डोंगर म्हणत नाही. ती बाई. आणि लाव्हा आला म्हणजे बाईच पाहुणी आली. एवढ्या लांबून दमून येते, म्हणून घर सोडताना टेबलावर तिच्यासाठी ब्रेड, चीज आणि वाइन मांडून ठेवायची, अशी जुनी रीत आहे. कोण कसं वाढतं यावरून गावात वर्षानुवर्षं नावं ठेवली जातात.

व्हेनेरा धापा टाकत पोचली तेव्हा पाहुणी बागेच्या वरच्या बांधाला लागली होती. हिची चाल म्हातारीची, आणि तिथंच घात होतो. लोकांना वाटतं, एवढं हळू तर येतंय, पळायला वेळच वेळ आहे! शहरातून लाव्हा बघायला चढून आलेली जत्रा अंगणाच्या भिंतीवर ठाण मांडून बसली होती. कुणी चपला घालून आलेलं, एक बाप तर चिमुरडीला खांद्यावर घेऊन.

"उतरा! इथं थांबायचं नाही!" व्हेनेरा ओरडली.

"पाचच मिनिटं हो ताई," पोरीचा बाप म्हणाला. "अजून केवढी लांब आहे!"

ती तणतणत घरात शिरली. मामा धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले होते, जावई यायचा असावा तसे.

"मामा, उठा."

"तिला वाढल्याशिवाय? गावात तोंड दाखवायचंय मला."

"बरं, टाकं उपसलंत ना?"

तिथं प्रत्येक अंगणाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं असतं. मामांनी नजर चुकवली. "उपसायचं कशाला? काठोकाठ भरून ठेवलंय. एवढी तापून येणार ती, घोटभर पाणी नको तिला?"

व्हेनेरा खिडकीकडं धावली. वर ओल्या बर्फावर लाव्हा चढतो तेव्हा काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिथून उडालेल्या एका दगडानं तिच्या सोबत्याचा खांदा कायमचा निकामी केला होता. आणि इथं तर अख्खं टाकं!

"अहो, वरून लाव्हा बसला की पाणी आत कोंडणार! त्याची वाफ होऊन अंगण उडेल सगळं! आता उपसायलाही वेळ नाही. आणि ते बघा!"

मामांनी खिडकीतून पाहिलं. चिमुरडी खाली उतरून नेमकी टाक्याच्या झाकणावर उड्या मारत होती. मामा पांढरेफटक पडले. माणसाला स्वतःच्या मूर्खपणाचा राग आला की तो दुसऱ्यावरच खेकसतो.

"बघत काय बसलीस? धर ते टेबल!"

"टेबल?"

"तुझं कुणी ऐकलं का मघाशी? नाही ना? मग धर!"

दोघांनी टेबल अंगणात आणलं. मामांनी ब्रेडची टोपली चिमुरडीच्या हातात दिली. "पुढं चाल. सांडलीस तर बघ!" मग भिंतीकडं वळून त्यांनी आरोळी ठोकली, "जेवायला चला! फुकट! वाइन संपेपर्यंतच!"

आई गं! ओरडून सांगून जे हललं नव्हतं, ते फुकट म्हटल्याबरोबर टेबलामागं उतारावरून धावत सुटलं. पोरीचा बाप सगळ्यात पुढं. वळणापलीकडच्या छोट्या देवळाशी मामांनी टेबल टेकवलं, आणि कुणी मागं फिरू नये म्हणून शिव्या देत देत वाढत राहिले.

लोकांच्या तोंडात घास होते तेव्हा धडाका झाला. पायाखालची जमीन हादरली. वळणापलीकडून पांढरी वाफ उसळली आणि ज्या भिंतीवर मघाशी माणसं बसली होती तिचे दगड बागभर पडले. बापानं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

मामा रिकाम्या टेबलाकडं बघत होते. "घर गेलं," ते हळूच म्हणाले. "आणि तिला वाढायला काही ठेवलं नाही या खादाडांनी." व्हेनेराला हसूही आलं आणि रडूही. तिनं त्यांना मिठी मारली. त्यांनी पहिल्यांदाच सोडवून घेतलं नाही.

आता डांबरी रस्ता जिथं काळ्या दगडात बुडतो, तिथं दर रविवारी ते टेबल आडवं मांडलेलं असतं. मामा खाली व्हेनेराकडं राहतात आणि भाजीत मीठ कमी म्हणून रोज भांडतात. डोंगर धुमसत असला की टेबल ओलांडून वर जायची कुणाची टाप नाही. आधी बसायचं, खायचं, शिव्या ऐकायच्या, व्हेनेराची वाट बघायची. एक ताट बाईचं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

परवा एका पोरानं त्या ताटाशेजारच्या पेल्यात आपलं पाणी ओतायला घेतलं. मामांनी त्याचा हात धरला.

"तिला वाइन चालते," ते म्हणाले. "पाणी मी नाही देत."